स्टॉपवॉच

सासूबाईंचं पित्ताशय काढून झालं होतं, डॉक्टर सकाळच्या राउंडलाच "आज घरी जा" म्हणाले होते, आणि दुपारचे सव्वादोन वाजले तरी आम्ही तिथेच होतो. बिलिंगच्या काउंटरसमोर, स्टीलच्या त्या भोकाभोकांच्या खुर्च्यांवर. टीपीएकडून, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या एजन्सीकडून, कॅशलेसची मंजुरी यायची होती. "मेल गेलाय मॅडम, अप्रूव्हल आलं की सांगतो," असं काउंटरवरच्या मुलाने चौथ्यांदा सांगितलं तेव्हा मी नाद सोडला आणि फोन काढला. भाचीने सकाळी एक व्हिडिओ पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "मावशी, तुझ्या धंद्यातलं आहे. बघ."

व्हिडिओ १९४८ सालचा. इंग्लंडच्या सरकारने लोकांना दाखवायला करून घेतलेली नऊएक मिनिटांची कार्टून फिल्म, 'योर व्हेरी गुड हेल्थ'. चार्ली नावाचा एक साधासुधा माणूस सायकलवरून गावातून चाललाय आणि पडद्यामागचा आवाज त्याला नव्या आरोग्य योजनेबद्दल सांगतोय. चार्लीला शंका फार. आवाज म्हणतो, समजा तू सायकलवरून पडलास तर? समजा बायको आजारी पडली तर? डॉक्टरचं बिल कोण भरणार? मग शेजारचा जॉर्ज येतो. हा जरा बऱ्या परिस्थितीतला, त्यामुळे आपल्याला या योजनेशी काय करायचंय असा त्याचा भाव. मघापर्यंत स्वतः शंका काढणारा चार्लीच मग त्याची समजूत घालतो. ५ जुलै १९४८ ला तिकडे एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठीची सरकारी आरोग्य सेवा, सुरू झाली, त्याआधीच्या प्रचारातली ही फिल्म.

टीपीएची वाट बघत बसलेल्या बाईला हे दाखवणं म्हणजे उपाशी माणसाला बासुंदीची कृती वाचून दाखवण्यासारखं होतं. मी मोठ्याने हसले. शेजारचे गृहस्थ फाइल छातीशी धरून जरा सरकून बसले.

मग नामावली पुन्हा पाहिली: हलास आणि बॅचलर. हे नाव मला माहीत होतं. तीस वर्षांपूर्वी एका केबिनमधल्या कपाटात या जोडनावाच्या कंपनीबद्दलचं एक इंग्रजी पुस्तक पाहिलं होतं. तेव्हा मला वाटायचं हे दोन पुरुष असणार. लार्सन आणि टुब्रो असतात तसे.

धंदा म्हणजे काय, तर नव्वदीच्या सुरुवातीला मी अडीच वर्षं अंधेरीच्या एका लहानशा अ‍ॅनिमेशन युनिटमध्ये ट्रेस-पेंटला होते. बी.ए. झालेलं, शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेल्या, हात स्थिर. तेवढ्यावर घेतलं. एका लांब टेबलाला आम्ही अकरा मुली. अ‍ॅनिमेटरने कागदावर काढलेलं चित्र पारदर्शक शीटवर, म्हणजे सेलवर, शाईने उतरवायचं. मग सेल उलटी करून पाठीमागून रंग भरायचा, म्हणजे पुढून रेषा स्वच्छ राहते. हातात सुती मोजा, त्याची अंगठ्याची आणि दोन बोटांची टोकं कापलेली. घामाचा एक ठिपका पडला तरी कॅमेऱ्याखाली तो काजव्यासारखा चमकतो. पावसाळ्यात रंग वाळायचा नाही, थंडीच्या कोरड्या दिवसांत सेलला आपोआप धूळ चिकटायची. बाद झालेल्या सेल मी घरी आणायचे आणि कापून रांगोळीचे छाप करायचे. आमच्या चाळीत बऱ्याच दारांसमोर त्या वर्षी एकसारखी कमळं होती, त्याचं कारण हे.

रंगांना नंबर असतात. मी एकदा १४ च्या जागी ४१ वाचलं आणि एका कावळ्याची चोच चौसष्ट सेलवर गुलाबी रंगवली. त्यावर मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. चूक माझीच होती.

युनिटचे मालक, ज्यांना सगळे 'सर' म्हणायचे, उत्तम चित्रकार होते. त्यांची रेखाटनं भिंतीवर फ्रेम करून लावलेली. मागच्या काचेच्या केबिनमध्ये मॅडम बसायच्या, सरांच्या पत्नी. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं स्टीलचं स्टॉपवॉच. आम्हाला काचेतून दिसायचं: मॅडम उठून उभ्या राहायच्या, डोळे मिटून मान वळवायच्या, भुवई उडवायच्या, दोन पावलं टाकायच्या, एकदम थांबायच्या आणि टक् करून घड्याळ दाबायच्या. मग बसून तक्त्यात आकडे लिहायच्या. एक सेकंद म्हणजे चोवीस फ्रेम. कावळा मान वळवतो, अठरा. थांबतो, चौदा. उडतो. सरांच्या चित्रातला कावळा देखणाच असायचा, पण लोक हसायचे ते त्या चौदा फ्रेमना, आणि ती जागा मॅडमची असायची. कॅमेऱ्यातून बाहेर आलेल्या फिल्मवर ती कुठे बोट ठेवून दाखवता येत नाही. एकच चित्र चौदा वेळा छापलेलं असतं, एवढंच.

नामावलीत सर दिग्दर्शक असायचे. मॅडमचं नाव 'विशेष आभार'मध्ये, ज्यांनी स्टुडिओला एसी दिला त्या गृहस्थांच्या खाली. मी एकदा धीर करून विचारलं, मॅडम, असं का? त्या म्हणाल्या, "चहा सांगितलास का?"

हलास आणि बॅचलरमधला 'बॅचलर' म्हणजे जॉय बॅचलर ही बाई. हॉस्पिटलातून परतल्यावर मी रात्री तिच्याबद्दल मिळेल ते वाचायला घेतलं, ते खरं तर या केबिनमुळे.

जॉयचा जन्म १९१४ च्या मे महिन्यात, लंडनच्या वायव्येला असलेल्या वॉटफर्डमध्ये. वॉटफर्ड हे छापखान्यांचं गाव आणि तिचे वडील लिथोग्राफीचे ड्राफ्ट्समन, म्हणजे घरात रेषेची किंमत माहीत असलेली. तिथल्याच कलाशाळेत शिकली. तिशीच्या दशकातली मंदी, चित्रकलेवर पोट भरणं कठीण. मग डेनिस कॉनोली नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाच्या लहानशा कार्टून स्टुडिओत लागली. दोन मुख्य पोझच्या मधली चित्रं भरण्यापासून या धंद्यात सुरुवात होते. मधली चित्रं काढणाऱ्याला सगळ्यात आधी काय कळत असेल तर अंतर कळतं. हात इथून तिथे जायला पाच चित्रं लागतील की नऊ, हे हातालाच समजायला लागतं.

१९३६ मध्ये बुडापेस्टहून आलेला एक तरुण अ‍ॅनिमेटर लंडनमध्ये माणसं शोधत होता. त्याची जाहिरात बघून जॉय गेली. तो यानोश हालास, पुढे इंग्रजी वळणाने जॉन हलास. तो चोवीस वर्षांचा, ती बावीसची. जॉन बुडापेस्टमध्ये जॉर्ज पालच्या हाताखाली काम करून, शान्डोर बोर्तनिकच्या कार्यशाळेत बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या वळणाचं आकल्पन शिकून आलेला. दोघांनी मिळून 'म्युझिक मॅन' नावाची रंगीत फिल्म केली, मध्ये पैसे आटले म्हणून काही काळ बुडापेस्टला जाऊन राहिले, युरोपात काय शिजतंय ते दिसायला लागल्यावर लंडनला परतले आणि पुस्तकांची, जाहिरातींची चित्रं काढून दिवस काढले. १९४० मध्ये लग्न केलं आणि त्याच वर्षी कंपनीही काढली. कंपनीच्या नावात जॉयने माहेरचं आडनाव ठेवलं.

हे १९४० साल. त्याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकेत डिस्नेच्या स्टुडिओने एका अर्जदार मुलीला लेखी कळवलं होतं की आमच्याकडे निर्मितीचं काम तरुण मुलगेच करतात. मुलींना सेलवर शाईने रेषा उतरवणं आणि मागून रंग भरणं एवढंच. ते पत्र आज इंटरनेटवर फिरतं आणि लोक हळहळतात. मी वाचलं तेव्हा मला आमचं लांब टेबल आठवलं. तिथून उठून कुणी आतल्या केबिनमध्ये गेल्याचं मी पाहिलं नाही. मॅडम थेट केबिनमध्येच आल्या होत्या, लग्न करून.

जॉनची आणखी एक अडचण होती. तो हंगेरीचा नागरिक, आणि डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनने हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं. परदेशी माणसाशी लग्न केलं की इंग्रज बाईचं स्वतःचं नागरिकत्व बहुधा जायचं, असाही तेव्हाचा कायदा होता. तो १९४८ च्या कायद्याने बदलला. आणि नेमक्या युद्धाच्याच वर्षांत ब्रिटनचं माहिती मंत्रालय या जोडप्याकडून प्रचाराच्या फिल्म करून घेत होतं. एक ना दोन, युद्धकाळात सत्तरेक.

त्यातल्या दोन-तीन बघायला मिळाल्या. 'डस्टबिन परेड' १९४२ ची. कचऱ्यातली हाडकं आणि पत्र्याचे डबे सैन्यात भरती व्हायला निघतात, कारण हाडकांपासून स्फोटकं आणि पत्र्यापासून तोफगोळे होतात. कल्पना ऐकायला बाळबोध, पण बघताना आपण त्या हाडकाच्या बाजूने होतो. 'फिलिंग द गॅप'मध्ये बागेतली फुलं काढून भाजी लावा असं सांगितलंय. अबू नावाच्या अरब मुलाची आणि त्याच्या गाढवाची एक मालिका मध्यपूर्वेतल्या प्रेक्षकांसाठी केली होती. तिच्यात हिटलर साप होऊन येतो आणि मुसोलिनी बेडूक. आज ते बघताना जरा अवघडायला होतं, दुसऱ्याच्या मुलखातल्या लोकांना गोष्ट सांगताना साहेबाचा जो सूर लागतो तो लागलाच आहे. पण घाई बघा. मंत्रालयातून विषय येणार, काही आठवड्यांत फिल्म हवी, तरुण मुलगे आघाडीवर गेलेले.

मुलगे गेले म्हणून मुली आल्या. व्हेरा लिनेकारसारख्या कितीतरी जणी या स्टुडिओत तयार झाल्या. व्हेरा पुढे बायोग्राफिक नावाच्या दुसऱ्या स्टुडिओत गेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अलिसन डी व्हेर नावाची मुलगी इथे रंग भरायला लागली, माझ्यासारखीच. तिने पुढे स्वतः लिहून, स्वतः दिग्दर्शित करून फिल्म केल्या. तिची १९८७ ची 'द ब्लॅक डॉग' मी नंतर पाहिली आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. रंगाच्या टेबलापासून तिथपर्यंत रस्ता होता तर! कुणीतरी आधी दार उघडं ठेवल्याशिवाय असे रस्ते होत नाहीत, आणि त्या स्टुडिओच्या दारावरच्या पाटीवर एका बाईचं आडनाव होतं.

आता जॉय नेमकं काय करायची? जॉन बाहेरचं बघायचा: पैसे, परिषदा, भाषणं, नवी तंत्रं, देशोदेशीच्या ओळखी. जॉय मुख्यतः लिहायची. कार्टूनचं 'लिहिणं' म्हटलं की लोकांना संवाद वाटतात. संवाद हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. अमुक मिनिटांत कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर, कुठे प्रेक्षकाला श्वास घेऊ द्यायचा, कुठे माहितीचा घास मोठा झालाय तो अर्धा करायचा, हे सगळं एकही चित्र काढायच्या आधी ठरतं. खऱ्या माणसांच्या सिनेमात जास्त शूट करून ठेवता येतं आणि मग संकलक काय ते बघतो. इथे जास्तीचा सेकंद म्हणजे जास्तीची चोवीस फ्रेम, कुणाची तरी आठवड्याची मान मोडून केलेली. त्यामुळे संकलन आधी, मनात, घड्याळ हातात घेऊन करावं लागतं.

आरोग्य योजनेची ती फिल्म मी पुन्हा पाहिली ती या नजरेने. नवा कायदा नऊ मिनिटांत सांगायचा, तोही तिकीट काढून करमणुकीला आलेल्या, रेशनला आणि भाषणांना कंटाळलेल्या लोकांना. आपल्याकडे हे काम आलं असतं तर 'बंधूंनो आणि भगिनींनो'पासून सुरुवात झाली असती. इथे कायद्याचं एक कलम आलं की लगेच सायकल येते. चार्लीची शंका ही लोकांचीच शंका आहे आणि ती नेमकी लोकांच्या मनात येते त्याच क्षणी चार्लीच्या तोंडी येते. अर्धा सेकंद आधी आली असती तर लबाडी वाटली असती. चार्लीच्या अशा अनेक फिल्म आहेत, नव्या वसाहतींवर, शाळांवर, कोळशावर. विषय ऐकूनच जांभई यावी असे, आणि बघवतात.

नौदलासाठी याच स्टुडिओने १९४५ मध्ये 'हँडलिंग शिप्स' नावाची सत्तरेक मिनिटांची फिल्म केली होती, जहाज कसं वळवायचं ते शिकवणारी. लांबी मोजली तर ब्रिटनमधला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट हाच, पण तो थिएटरात लागायसाठी नव्हताच. थिएटरात लागलेला पहिला म्हणजे 'अ‍ॅनिमल फार्म'.

त्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची. जॉर्ज ऑर्वेल १९५० च्या जानेवारीत गेला. १९५१ मध्ये लुई डी रोशमाँ हा अमेरिकन निर्माता लंडनला या जोडप्याकडे आला: शेतावरचे प्राणी मालकाविरुद्ध बंड करतात आणि मग डुकरंच मालक होऊन बसतात, त्या ऑर्वेलच्या कादंबरीवर कार्टून करा. अमेरिकेतला निर्माता हॉलिवूड सोडून इकडे का आला, पैसा कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यामागे सीआयए होती हे खूप नंतर, कागदपत्रं बाहेर आल्यावर, जगजाहीर झालं. कम्युनिझमविरोधी प्रचाराला ही गोष्ट उपयोगाची होती.

लंडनमध्ये आणि ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड या गावात काम चाललं, तीन वर्षं. फिल्म बहात्तर मिनिटांची. मी फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला: ७२ गुणिले ६० गुणिले २४, म्हणजे १,०३,६८० फ्रेम. तेही एका फ्रेममध्ये एकच सेल असते असं नाही, तीन-तीन, चार-चार एकावर एक. त्या आकड्याकडे बघून माझ्या उजव्या हाताचं मनगट आपोआप दुखायला लागलं.

हे सगळं हाताबाहेर जाऊ नये म्हणून स्टुडिओत एक तक्ता केला होता, टेन्शन चार्ट. मला या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर वस्तू हीच वाटते. आडव्या रेषेवर प्रसंगामागून प्रसंग, आणि त्यावर चढत-उतरत जाणारी एक ओळ: इथे ताण वाढतो, इथे सैल होतो, इथे पुन्हा चढतो. दवाखान्यातल्या कार्डिओग्रामसारखा. बंड, विजय, पवनचक्की, कत्तल, बॉक्सर घोड्याचं जाणं. संगीतकार मात्यास शायबर, तोही मूळचा हंगेरीचाच, त्याला सूर बांधायला हा आराखडा आणि चित्रकारांनाही तोच. चित्र नाही, शब्द नाही, नुसता काळाचा आकार कागदावर उतरवलेला. मॅडमनी हा तक्ता पाहिला असता तर भिंतीवरची सरांची एखादी फ्रेम काढून तिथे लावला असता, असं मला वाटलं. अर्थात हे माझ्या मनचं.

फिल्ममध्ये संवाद फार नाहीत. निवेदन गॉर्डन हीथचं, आणि प्राण्यांचे सगळे, अगदी सगळे आवाज मॉरिस डेनम या एकट्या नटाने काढलेत. बॉक्सरला खाटकाची गाडी घेऊन जाते तो प्रसंग मी तीनदा पाहिला. त्यात कुणी काही स्पष्ट करून सांगत नाही. आपल्याला कळतं, मग गाढवाला कळतं, मग बाकीच्यांना. आणि प्रत्येकाला कळण्यामध्ये जेवढं अंतर हवं तेवढंच आहे. मी रडले, हे सांगायला हरकत नाही. रंगवलेल्या प्लास्टिकसाठी रडण्याची माझी ही पहिली वेळ नव्हे.

शेवट मात्र बदललाय. कादंबरीत प्राणी खिडकीतून आत बघतात आणि डुक्कर कोण, माणूस कोण ते त्यांना सांगता येत नाही. बस, तिथेच संपतं. चित्रपटात ते घरावर चाल करून जातात आणि डुकरांची सत्ता उलथवतात. पैसे देणाऱ्यांकडून पटकथेवर सूचना येत होत्या, खर्डे पुन्हा पुन्हा बदलत होते, हे आता नोंदलेलं आहे. जॉनने पुढे या शेवटाची बाजू घेतली. एवढं भोगलेल्या प्राण्यांना आणि प्रेक्षकांना थोडी आशा हवी, असं त्याचं म्हणणं. मला पटत नाही. आणि माझी तक्रार राजकारणाची नाहीच. तो शेवट घाईचा आहे. तासभर ज्या हाताने इतकं मोजून-मापून सगळं केलं त्याच हाताची ती शेवटची मिनिटं वाटत नाहीत. कुणीतरी बाहेरून घड्याळ पुढे केल्यासारखं वाटतं. २९ डिसेंबर १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये तो लागला, जानेवारीत लंडनमध्ये. समीक्षकांचं या शेवटावरून तेव्हाच वाजलं आणि अजून वाजतंय.

नंतरचं भराभर सांगते. १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहिरातींचा टीव्ही सुरू झाला आणि स्टुडिओचं पोट जाहिरातींवर चाललं. तीस सेकंदांत गोष्ट सांगायची कला तिथे कामी आली असणार. 'ऑटोमॅनिया २०००' या १९६३ च्या लघुपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं, गाड्यांचे ढीग इतके वाढतात की माणसं गाडीतच संसार करतात अशी कल्पना. दिग्दर्शन जॉनचं, लेखनात जॉय. पुणे-सातारा रस्त्यावर रविवारी संध्याकाळी अडकलेल्या माणसाने ती जरूर बघावी. राष्ट्रकुल, कोलंबो योजना अशा विषयांवर जॉयने माहितीपट केले. पुढे अमेरिकन टीव्हीच्या मालिकांचं ठेक्यावरचं काम आलं, ते तिचं मन रमेल असं नव्हतं हे माझं अनुमान. ठेक्याचं काम मी केलंय.

पण 'रडिगोर'पाशी थांबायला हवं. गिल्बर्ट आणि सलिवन यांचं १८८७ चं विनोदी संगीत नाटक. आपल्याकडच्या संगीत नाटकांसारखंच, लोकांना पदं पाठ, कुणी एक ओळ गाळली तर प्रेक्षक भांडायला उठतील. १९६१ संपताना गिल्बर्टच्या संहितांवरचा हक्क संपला आणि मग साठच्या दशकाच्या मध्यावर जॉयने ते नाटक कार्टूनमध्ये आणलं, लेखन तिचं, दिग्दर्शन तिचं, आवाज ड'ऑयली कार्ट या परंपरागत मंडळीचे. दोन तासांहून मोठं नाटक तासाच्या आत बसवायचं होतं. एका घराण्याला शाप आहे: वारसाने रोज एक गुन्हा केलाच पाहिजे, नाहीतर मरण. तो गुन्हे नीट करत नाही म्हणून भिंतीवरच्या तसबिरींतले पूर्वज खाली उतरून त्याला जाब विचारतात. रंगभूमीवर हे करायला नटांना चौकटीमागे तासभर ताटकळावं लागत असेल. कार्टूनमध्ये तसबीर चालते यात नवल काहीच नाही, आणि तीच खरी पंचाईत. जिथे सगळंच हलू शकतं तिथे हलण्याचं आश्चर्य वाटायला लावायचं, तर आधी स्थिर ठेवावं लागतं. किती स्थिर? त्याचा हिशोब तिच्या तक्त्यात असणार.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकृतीमुळे तिने स्टुडिओतलं रोजचं काम थांबवलं. पण घरी बसली नाही. लंडनच्या आंतरराष्ट्रीय फिल्म स्कूलमध्ये शिकवत राहिली, १९९१ मध्ये गेली तोवर. मुलगी व्हिव्हियनने सगळा संग्रह सांभाळला, तो पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे गेला. दोन हजारांच्या आसपास लहानमोठ्या फिल्म या स्टुडिओतून निघाल्या असं सांगतात. त्यातल्या कोणत्या फिल्ममध्ये जॉन किती आणि जॉय किती, याची वाटणी आता कुणी करू बघत असेल तर त्याला शुभेच्छा. नामावलीवर दोघांची नावं एका ओळीत असतात. मध्ये एक 'आणि'.

जॉय गेली त्या सुमारास मी अंधेरीत कावळ्याची चोच गुलाबी करत होते, हे मला रात्री दोन वाजता तारखा जुळवताना लक्षात आलं.

मॅडम आता नाशिकला असतात, मुलाकडे. ऐंशी उलटून गेली. सर गेले त्याला नऊ वर्षं झाली. दिवाळीला आमचा फोन होतो तेवढाच. पण त्या रात्री मी चार्लीची लिंक त्यांना पाठवली, जॉयबद्दल चार ओळी लिहिल्या आणि झोपले. सकाळी व्हॉइस मेसेज आला होता, एक मिनिट बावीस सेकंदांचा. सुरुवातीला मागे कुकरची शिट्टी, मग त्यांचा आवाज, जरा घोगरा झालेला, पण शब्दाशब्दामधली अंतरं तीच.

"पाहिलं गं. दोनदा पाहिलं. सायकल आहे ना, तिथे एका ठिकाणी सहा फ्रेम कमी केल्या असत्या तरी चाललं असतं. पण बाईला कळत होतं. तो शेजारी येतो ना, त्याच्या आधी बघ, काहीच होत नाही. बघितलंस? ते बघ." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं मेसेज संपला. "आणि तुझ्या सासूबाईंचं काय झालं? सोडलं का?"

सोडलं, मी टाइप केलं. रात्री पावणेआठला.